अँग्लिकन मिशनकार्य, महाराष्ट्रातील

अँग्लिकन मिशनकार्य, महाराष्ट्रातील : इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी श्रद्धा, उपासनापद्धती व धर्माधिकारश्रेणी या बाबतींत नाते असलेल्या अँग्लिकन चर्चने महाराष्ट्रात केलेले धर्मप्रसाराचे व मंडळ्यांच्या संघटनेचे कार्य. बिशपच्या अधिकाराखाली ठरावीक प्रदेशाचा धर्मप्रांत असणे, बिशप, प्रीस्ट व डीकन अशी त्रिविध दीक्षित श्रेणी असणे आणि एका मान्य प्रार्थनासंहितेनुसार उपासना होणे, ही या चर्चची प्रमुख लक्षणे होत. महाराष्ट्रातील त्याचा इतिहास स्थूलमानाने चार टप्प्यांत पडतो : ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने राहिलेले इंग्रजांचे चर्च, मिशन संस्थांचा काळ (१८२० पासून पुढे), स्वायत्त भारतीय प्रांताचा काळ (१९३०–७०) व त्यानंतरचा चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधील संयुक्त काळ. या सर्व टप्प्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे येत राहिला. मंडळीची वाढ कशाला म्हणावे आणि तिचे नेतृत्व कोणी करावे, हा तो प्रश्न होय.

कंपनीकालीन चर्च : मुंबईस इंग्रजांसाठी चर्च बांधण्याची कल्पना गव्हर्नर जेरल्ड आँजिए याच्या काळातील असली, तरी सेंट टॉमस चर्च प्रत्यक्षात १७१८ मध्ये, धर्मोपदेशक रिचर्ड कॉब याच्या प्रयत्नाने उपासनेसाठी खुले झाले. कंपनीचे धर्माधिकारी हे पगारी सेवक होते आणि त्यांचे काम यूरोपीय अधिकारी, व्यापारी व सैनिक यांच्यापुरते मर्यादित होते. धर्मांतराने प्रजा बिथरेल व व्यापारास बाध येईल, या भीतीने कंपनी मिशनऱ्यांना दूर ठेवीत असे. १८१३ च्या सनदी कायद्याने हे धोरण सैल झाले. त्याच कायद्यान्वये १८१४ मध्ये कलकत्त्यास बिशपचे पीठ आणि मुंबईस आर्चडीकनचे पद निर्माण झाले. आर्चडीकन हा बिशपचा प्रदेशातील प्रतिनिधी असतो. मंडळ्यांची पाहणी करणे, धर्माधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणे व नवीन कामाची आखणी करणे ही त्याची कर्तव्ये होत. कलकत्त्याहून मुंबईचा कारभार पाहणे दुष्कर ठरल्याने १८३३ च्या सनदी कायद्यात मुंबईसाठी स्वतंत्र बिशपची तरतूद झाली. त्यानुसार पूर्वी आर्चडीकन असलेले टॉमस कार हे १८३७ मध्ये मुंबईचे पहिले बिशप झाले आणि सेंट टॉमस चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला.

मिशन संस्था व त्यांची क्षेत्रे : खेड्यापाड्यांतील धर्मप्रसाराचे काम चर्चने स्वतः न करता स्वेच्छा-संस्थांवर सोपविले. त्यांत चर्च मिशनरी सोसायटी (सी. एम्. एस्.) व सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल (एस्. पी. जी.) या प्रमुख होत. पहिली इव्हँजेलिकल वळणाची, तर दुसरी चर्चची परंपरा व बिशपचा अधिकार यांवर अधिक भर देणारी होती. सी. एम्. एस्. चे पहिले मिशनरी रिचर्ड केनी १८२० मध्ये मुंबईस आले. १८३२ मध्ये नासिक येथे केंद्र निघाले आणि पुढे जुन्नर, मालेगाव, औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) इत्यादी ठिकाणी काम पसरले. मुंबईचे रॉबर्ट मनी स्कूल हे याच संस्थेचे. एस्. पी. जी. ने १८७० नंतरच्या दशकात कोल्हापूर व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे जेम्स टेलर यांच्या नेतृत्वाखाली काम उभारले. अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून कार्यरत होते. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा मिशन संस्थांत संकेत होता. एस्. पी. जी. चे तेथील आगमन हा या संकेताचा भंग असल्याची भावना निर्माण होऊन दोन्ही पक्षांत दीर्घकाळ तेढ राहिली. एकाच वस्तीतील नातलग दोन निराळ्या मंडळ्यांत विभागले जाण्याचे प्रसंग त्यातून उद्भवले.

राजकीय सीमांचाही या विभागणीवर परिणाम झाला. सोलापूर–तुळजापूर मार्गावरील तामलवाडी (जि. धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद) व तिच्या आसपासची गावे हे याचे बोलके उदाहरण होय. सोलापूर मुंबई इलाख्यात, तर तुळजापूरचा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. नळदुर्ग विभागाचा भाग म्हणून तो १८५३ ते १८६० या काळात मात्र इंग्रजांच्या ताब्यात होता. सोलापूर हे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र झाले. अँग्लिकनांची मोठी मराठी केंद्रे दूर अहमदनगर व औरंगाबादकडे होती, आणि निजाम राज्याच्या तेलुगू भागात दोर्नाकलचा अँग्लिकन धर्मप्रांत (१९१२) वाढला. एका बाजारपेठेशी बांधलेली, एकच भाषा बोलणारी गावे अशा रीतीने धर्मकार्याच्या नकाशावर वेगवेगळ्या प्रदेशांच्या कडेला पडली. मिशनचा विस्तार केवळ श्रद्धेच्या बळावर होत नसून रस्ते, छावण्या, रेल्वे व राजकीय सत्ता यांच्या आधाराने होत असतो, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

नासिकचे शरणपूर : १८५४–५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नासिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. धर्मांतर करताच माणूस घर, जात, व्यवसाय व विहिरीचे पाणी या सर्वांना मुकत असे. त्याला आसरा व उपजीविका देणे हा वसाहतीचा हेतू होता. येथे सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविले जात. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथे आणून वाढविण्यात आली. ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या तरुणांपैकी नऊ जण १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या सफरीत गेले. नंतर सामील झालेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला व १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस उपस्थित राहिला. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी १८७५ मध्ये फ्रिअरटाउन ही वसाहत वसविण्यात आली. तिच्या उभारणीत प्राइस यांच्याबरोबर नासिकला शिकलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा होता. त्यांपैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनपदाची दीक्षा मिळाली. अशा रीतीने गोदाकाठच्या या वसाहतीचे फळ पूर्व आफ्रिकेच्या चर्चला मिळाले. नासिकमध्ये मात्र मंडळी दीर्घकाळ मिशनच्या जमिनीवर व पगारावर अवलंबून राहिली. नासिकमधील शरणपूर रोड या नावात वसाहतीची स्मृती टिकून आहे.

देशी नेतृत्व : सी. एम्. एस्. चे चिटणीस हेन्री व्हेन (कार्यकाल १८४१–७३) यांनी स्वयंशासित, स्वावलंबी व स्वयंप्रसारक मंडळी हे मिशनचे साध्य मानले होते. मिशनरी हा मचाणासारखा असून इमारत उभी राहिल्यावर त्याने बाजूला व्हावे, असा त्यांच्या विचाराचा मथितार्थ होता. महाराष्ट्रात या तत्त्वाला अनुकूल अशी माणसे लवकर लाभली. अप्पाजी बापूजी यार्दी हे ब्राह्मण समाजातून आलेले धर्मोपदेशक, तर पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले रतनजी नवरोजी यांनी औरंगाबादचे केंद्र दीर्घकाल सांभाळले. चित्पावन कुलातील नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनदर्पण हा त्यांचा ग्रंथ हिंदू दर्शनांच्या ख्रिस्ती समीक्षेत महत्त्वाचा मानला जातो. चांदा (चंद्रपूर) येथील स्कॉटिश एपिस्कोपल मिशनच्या आरंभीच्या कामातही त्यांचा सहभाग होता. परंतु एवढ्या योग्यतेच्या व्यक्तींनाही धर्मप्रांताच्या सर्वोच्च अधिकारपदी नेमण्यात आले नाही. पैसा, जमीन व निर्णय हे विदेशी मिशनऱ्यांच्या समित्यांकडेच राहिले.

पुण्यात काउली फादर्स या नावाने ओळखला जाणारा अँग्लिकन संन्यस्त संघ व वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनी यांनी शाळा, वसतिगृहे व पंचहौद मिशन चालविले. तेथील होली नेम चर्चचे समर्पण १८८५ मध्ये झाले. १८९० मध्ये याच मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींनी घेतलेल्या चहामुळे पुण्यात ग्रामण्य उद्भवले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. मिशनच्या हातचा चहा पिण्यानेही बहिष्काराचा प्रसंग येत असेल, तर प्रत्यक्ष धर्मांतर करणाऱ्याची स्थिती काय होत असेल, याची कल्पना या प्रकरणावरून येते. ⇨ पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. तथापि चर्चच्या अधिकाराने आपल्या विवेकास बांधून घेण्याचे त्यांनी नाकारले. त्यांचे शारदा सदन (१८८९) अँग्लिकन व्यवस्थेबाहेर उभे राहिले.

वाढीविषयीचे दोन दृष्टिकोन : बिशप लुई जॉर्ज मिल्न (कार्यकाल १८७६–९७) यांनी विखुरलेल्या मिशनकार्यावर टीका करून थोड्या ठिकाणी दाट व सखोल काम करावे, असे प्रतिपादन केले. मिशन्स टु हिंदूज (१९०८) या ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला आहे. प्रत्यक्ष परिस्थिती मात्र उलट दिशेने जात होती. अहमदनगर परिसरात महार, मांग समाजांतील कुटुंबे व कधी सबंध वस्त्या ख्रिस्ती मंडळीत येत होत्या. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांत अन्न, काम व अनाथ मुलांचे संगोपन यांमुळे मिशनांशी लोकांचा संबंध वाढला. पोटासाठी झालेले धर्मांतर टिकाऊ नसते, हा आक्षेप विरोधकांप्रमाणे अनेक मिशनऱ्यांनीही घेतला. परंतु चावडी, पाणवठा व शाळा येथे मज्जाव असलेल्या लोकांना अक्षरओळख, रुग्णसेवा व उपासनेत बरोबरीचे स्थान मिळणे ही त्यांच्या दृष्टीने श्रद्धेहून वेगळी काढता येण्यासारखी गोष्ट नव्हती. नव्या मंडळ्यांना शिकविण्यास पुरेसे पाळक नसल्याने गावचा शिक्षक-उपदेशक हाच तिचा खरा आधारस्तंभ ठरला. मिशनचे अनुदान आटले, की त्याची जागा रिकामी होई आणि मंडळीही ओसरे. दोर्नाकल येथे व्ही. एस्. अझरय्या (भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, १९१२) यांनी गावातील सामान्य सभासदांनाच साक्षीचे काम देऊन हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. महाराष्ट्रात त्या प्रमाणावर तसे घडले नाही.

मंडळीत जातिभेद पूर्णतः नष्ट झाला, असेही म्हणता येत नाही. विवाहसंबंध, आडनावे व बसण्याउठण्याच्या रीती यांत तो रेंगाळला. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवण्यात आल्या. नंतर त्या शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांना लागू झाल्या, पण ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या मिळाल्या नाहीत. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर दलित समाजाच्या आकांक्षांचा ओघ मुख्यतः बौद्ध धम्माकडे वळला. त्यामुळे ग्रामीण मंडळीच्या वाढीचे जुने गणित बदलून गेले.

भारतीयीकरण : बिशप एडविन जेम्स पामर (कार्यकाल १९०८–२९) यांनी भारतातील अँग्लिकन चर्च ब्रिटिश राज्यसत्तेपासून वेगळे करण्याच्या व चर्चच्या ऐक्याच्या वाटाघाटींत महत्त्वाचा भाग घेतला. १९२७ च्या कायद्यानुसार १९३० मध्ये भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका यांचा स्वायत्त प्रांत अस्तित्वात आला. १९२९ मध्ये मुंबईपासून वेगळा करून नासिक धर्मप्रांत स्थापण्यात आला. फिलिप लॉइड हे त्याचे पहिले बिशप (१९२९–४४) होत. विदर्भासाठी नागपूर धर्मप्रांत १९०३ मध्येच निर्माण झाला होता. अहमदनगरचे एस्. पी. जी. मिशनरी जॉन कॉप्ली विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. १९२७ मध्ये त्याचा आश्रम पुण्यास उभा राहिला. खादी, शाकाहार, ध्यान व भारतीय-यूरोपीयांचे समान सहजीवन ही त्याची वैशिष्ट्ये होती. व्हेरिअर एल्विन हे आरंभी या संघातच होते. संघातील विल्यम लॅश पुढे मुंबईचे बिशप (१९४७) झाले. १९५० मध्ये अरविंदनाथ मुखर्जी हे प्रांताचे पहिले भारतीय मेट्रोपॉलिटन झाले. नेतृत्वाच्या भारतीयीकरणास मिशनच्या आरंभापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

संयुक्त चर्च व मूल्यमापन : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स व ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा घटकांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. महाराष्ट्रापुरते पाहता, अहमदनगरातील जुनी तेढ ज्या दोन परंपरांत होती, त्या त्यामुळे एका छत्राखाली आल्या. दोर्नाकल मात्र १९४७ मध्येच चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झाले होते. त्यामुळे मराठी व तेलुगू प्रदेशांतील अँग्लिकन वारसा दोन संयुक्त चर्चमध्ये विभागला गेला. संयुक्त चर्चमध्ये बिशपपद राखण्यात आले, पण त्याच्या जोडीला पाळक व सर्वसामान्य सभासद यांच्या निर्वाचित प्रतिनिधींची धर्मप्रांतीय परिषद आली. मराठवाड्यासारखे नवे धर्मप्रांत पुढे निर्माण झाल्याने बिशप व गावची मंडळी यांतील अंतरही कमी झाले.

महाराष्ट्रातील अँग्लिकन मिशनकार्याने संख्येच्या दृष्टीने मोठा समाज निर्माण केला नाही. शाळा, वसतिगृहे, स्त्रीशिक्षण व रुग्णसेवा यांतील त्याचा वाटा मात्र मंडळीच्या आकारमानापेक्षा पुष्कळ मोठा आहे. सभासदांची गणती, संस्थांच्या इमारती किंवा बिशपांची मालिका यांवरून वाढीचे माप घेण्याची प्रथा होती. इतिहास पाहता, विदेशी अनुदान थांबल्यावरही ज्या गावी उपासना, शिक्षण व परस्परसाहाय्य चालू राहिले, तेथेच मंडळी खऱ्या अर्थाने रुजली असे दिसते. या रुजण्याचे श्रेय मुख्यतः अल्पवेतनी शिक्षक, उपदेशक व त्यांच्या पत्नी यांना आहे. अहवालांत त्यांची नावे क्वचितच आढळतात.