गावच्या पडीक जागा आणि विहिरीवरच्या मोटारी



लागण-खोडवा सोडून आम्ही आज ओढ्याकाठचे काय काढले, असे वाटेल. पण गट फिरताना एकच गाऱ्हाणे कानी येते : केबल कापून नेली, मोटार उचलली, ठिबकच्या नळ्या गेल्या. माग काढला की वाट बहुधा वेड्या बाभळीच्या रानात नाहीतर एखाद्या पडक्या इमारतीत जाते. पत्ते तिथेच, दारू तिथेच, अन् केबल जाळून तांबे काढायलाही तीच जागा!

आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी पाहा. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, तेव्हा तिथे ३० च्या वर हातभट्ट्या होत्या. यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आलेले. त्याची लाकडेसुद्धा भट्टीच्या जळणात गेलेली. हजारे यांनी स्वतःचा पैसा घालून आधी देऊळ उभे केले. पोरे श्रमदानाला आली. मग देवळात बैठका होऊ लागल्या आणि तिथेच दारूबंदी ठरली. बऱ्याच भट्टीवाल्यांनी आपण होऊन भट्ट्या मोडल्या. पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही झाले. ते आम्हाला पटत नाहीत. पण क्रम ध्यानात घ्यावा : आधी जागा, मग माणसे, मग बंदी.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पडीक प्लॉट साफ करून गवत-झाडे लावली. २०१८ च्या अभ्यासात तिथल्या गरीब वस्त्यांतला बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटलेला दिसला. माणसांचा वावर वाढला की चोराला आडोसा राहत नाही.

एकदा झाडून मात्र भागत नाही. वेडी बाभूळ वरून तोडली तर बुडातून फुटते, अगदी खोडव्यासारखी! ती मुळासकट काढावी. जागेला रोजचे काम द्यावे; दूध संकलन, पोरांचे मैदान, बसायला कट्टा, एक दिवा. जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहून, ग्रामपंचायतीचा ठराव करूनच हात घालावा. गायरानात कोणी राहत असेल तर त्याला चोर समजून हुसकू नये, आधी बोलावे.

हंगामात तोडणीच्या टोळ्या बायका-पोरांनिशी येतील, त्यांच्या कोप्या याच ओढ्याकाठी पडतील. त्याआधी एखादी जागा मोकळी करणाऱ्या गावाने गट कार्यालयात कळवावे. कडुनिंब, करंजाची रोपे आम्ही देऊ. बुडखे उपटायला ट्रॅक्टर लागला तर तेही बोलू.

— ऊस विकास विभाग