पाण्यातून जाणाऱ्या मोटारसायकलचा श्वास

मोटारसायकल पेट्रोलवर चालते, असे सर्वजण म्हणतात. हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे पावणेपंधरा किलोग्रॅम हवा लागते. तेव्हा एंजिनाचे मुख्य अन्न हवा हेच होय. बुलेट या भारतात सुपरिचित असलेल्या गाडीचे जुन्या घडणीचे एंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे घनफळ ३४६ घन सेंटिमीटर. असे चार धावांचे एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटात १,५०० वेळा श्वास घेते आणि प्रत्येक श्वास पुरता भरल्यास पाचशे लिटरांहून अधिक हवा आत ओढते. ही हवा ज्या मुखातून शिरते ते बहुधा आसनाखाली किंवा गाडीच्या कुशीत असते. रस्त्यावर ती जागा सोयीची. ओढ्यात मात्र घातक ठरू शकते.

हिमाचल प्रदेशात ग्रांफूहून काझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असे ओढे ठायी ठायी आडवे येतात. ते बर्फ वितळून झालेले असल्यामुळे पहाटे त्यांत घोटाभर पाणी असते. ऊन चढले की दुपारनंतर तेच गुडघ्यापर्यंत येते. अनुभवी प्रवासी म्हणूनच सकाळी लवकर निघतात.

हवेच्या मुखापर्यंत पाणी पोहोचले तर काय होते? दट्ट्या वर येताना दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि आतील वायूला दबून लहानशा जागेत मावावे लागते. वरील मापाच्या एंजिनात संपीडनाचे प्रमाण ८.५ असेल, तर ही उरलेली जागा केवळ ४६ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे तीन मोठे चमचे पाणी! याहून थोडे अधिक पाणी आत गेले की दट्ट्याला आपली धाव पुरी करता येत नाही. वायू दबतो, पाणी जवळजवळ दबत नाही. हजार वातावरणांच्या दाबाखालीही ते शंभरात जेमतेम चार-पाच भाग आकसते. इकडे फिरत्या जड चाकाचा आवेग तर थांबण्यास तयार नसतो. या ओढाताणीत दट्ट्याला भुजादंडाशी जोडणारा पोलादी दांडा वाकतो, क्वचित मोडून सिलिंडरही फोडतो.

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे: हवेचे मुख उंच न्यावयाचे. डच नौदलाच्या ओ-१९ या पाणबुडीवर १९३९ मध्ये अशी श्वासनलिका होती, आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अनेक शर्मन रणगाड्यांच्या पाठीवर याच हेतूने उंच धुरांडी बसविली होती.

मोटारसायकलवर हे काम करताना हवेच्या पेटीचे मूळ तोंड बंद करून तेथून एक नळी टाकीच्या कडेने हँडलपर्यंत वर नेतात. नळीचा आतील व्यास मूळ तोंडाहून लहान असता कामा नये. अरुंद वा वळणावळणाच्या नळीतून हवा ओढताना एंजिनाची दमछाक होते, आणि कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी असल्याने तेथे हा दोष विशेष जाणवतो. नळी आतून तारेचे वेटोळे असलेल्या रबराची असावी, नाहीतर शोषणाने ती चपटी होते. तिचे तोंड मागे वळवून त्यावर जाळी बसवावी.

खरी मेख सांध्यांत आहे. नळीच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे पाण्याखालील सांध्यास सुईएवढे छिद्र असले तरी पाणी आत खेचले जाते. याची परीक्षा अगदी साधी आहे. एंजिन संथ चालू असताना नळीचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे. ते क्षणार्धात बंद पडले तर सांधे पक्के. चालूच राहिले, तर कोठून तरी चोरवाटेने हवा येत आहे, आणि त्याच वाटेने पुढे पाणी येणार.

तथापि एंजिनाला एकच नाक नसते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या कुपीला हवेशी जोडणारी बारीक नळी पाण्यात बुडाली, तर कुपीतून पेट्रोल पुढे सरत नाही व गाडी मधेच थांबते; म्हणून तिला एक फाटा देऊन वर न्यावा लागतो. तेलाच्या कोठीची श्वासनळीही तशीच. धुराच्या नळीची काळजी त्या मानाने कमी असते. तीस सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब वातावरणाच्या शंभरात तीन भाग एवढाच असल्याने चालते एंजिन धूर सहज बाहेर लोटते. ते थांबले की मात्र तेच पाणी मागे फिरते.

नळी कितीही उंच नेली तरी प्रवाहाचा रेटा कमी होत नाही, हे अशा गाड्यांच्या कौतुकात विसरले जाते. सेकंदास २ मीटर वेगाचे पाणी आडव्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरावर सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. शिवाय गाडीने बाजूला सारलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे तिचे एक किलोग्रॅम वजन जणू नाहीसे होऊन चाकांची पकड सुटू लागते. पायी उतरून जो ओढा ओलांडता येत नाही, तो गाडीने ओलांडू नये.

पाणी आत गेल्याची शंका आली, तर एंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. गाडी कोरड्या जागी ढकलत न्यावी, ठिणगी पाडणारा प्लग काढावा आणि किक हळूहळू दाबून पाणी त्या छिद्रातून बाहेर पडू द्यावे. नंतर तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून, एंजिन चालविण्यापूर्वी ते सर्व बदलावे.