पायरीवरचा श्वान आणि दारातला ग्राहक

तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सालवडमध्ये किराणा दुकानाच्या पायरीवर कुत्रा पहुडलेला दिसला, तर कोणाला नवल वाटत नाही. दुकानदार गल्ल्यावरून एकदा ‘हाड’ म्हणतो आणि पुन्हा आपल्या तराजूकडे वळतो. अशा गल्ल्यावर पुष्कळदा दत्तगुरूंची तसबीर असते आणि तिच्यात चार श्वान त्यांच्या पायांशी उभे असतात. परंतु एखादा अंध गृहस्थ शिकविलेल्या कुत्र्याचा पट्टा धरून त्या पायरीवर आला, तर काय होईल? बहुधा त्यालाही त्या ‘हाड’चा वाटेकरी व्हावे लागेल.

सालवडपुरता हा प्रसंग काल्पनिक आहे, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. 1929 साली ती कल्पना अमेरिकेत रुजली. आपल्याकडे शतक उलटले तरी ती रुजलेली नाही, आणि याचे कारण केवळ पैसा नव्हे. जेथे कोपऱ्याकोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी आहे, पदपथाचा पत्ता नाही आणि अंगावरून टँकर जातात, तेथे शिकविलेला कुत्रा तरी वाट कशी दाखविणार?

अमेरिकेत 1990 च्या अपंगविषयक कायद्याखालील नियमांनुसार दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? दाखला मागता येत नाही. कुत्रा अनावर झाल्यास मात्र त्याला बाहेर काढता येते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने भेदभावास मनाई केली, वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव ठरविला. पण उंबरठ्यावर दुकानदाराने नेमके कसे वागावे, याचा इतका सुबोध उलगडा त्यात नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या लेखी ग्राहक म्हणजे मोबदला देऊन माल घेणारा. दारातूनच परतविलेला माणूस माल घेणार कोठून? म्हणजे ज्याचा अवमान सर्वांत मोठा, तो ग्राहकच नव्हे!

कुत्र्याचे काम आपल्याकडे घरचे माणूस करते. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा दुकानात येतात. भाव नातवाला सांगितला जातो, ‘यांना काय हवे?’ हेही नातवालाच विचारले जाते आणि सुटे पैसे त्याच्याच हातावर पडतात. अर्थशास्त्राची पुस्तके ग्राहकाला बाजाराचा राजा म्हणतात. येथे राजा उभा असतो आणि व्यवहार त्याच्या काठीशी चालतो. तो एकटा आला तर अडचण निराळीच. नव्या नोटांपैकी 100 ची लांबी 142 मिलिमीटर, 200 ची 146 आणि 500 ची 150. रुंदी तिन्हींची एकच. चार मिलिमीटरच्या फरकावर बोटांनी किती विश्वास टाकावा? रिझर्व्ह बँकेने 2020 साली नोटा ओळखणारे मोबाइल ॲप काढले खरे, पण मागे रांग खोळंबली असता ते उघडण्याची उसंत कोण देतो? प्रत्येक नोट नाव घेऊन हातावर ठेवण्यास दुकानदाराला एक पैसाही खर्च नाही.

रासायनिक कारखान्यांच्या या टापूत आम्लाचा एक शिंतोडा धडधाकट कामगाराची दृष्टी नेऊ शकतो. त्यानंतर तो त्याच दुकानात मुलाचा हात धरून येईल. दुकानदार मुलाशी बोलेल. उधारीच्या वहीत नाव मात्र बापाचेच लिहील.