विनोदाच्या खुर्चीतले कॅथलिक

कॅथलिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोवा येतं, वसई येते. वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आज मात्र आपल्याला अमेरिकेत जायचंय, तेही रात्री साडेअकराला, टीव्हीसमोर.

ज्यांनी हे कार्यक्रम पाहिले नसतील त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकेत रात्रीच्या बातम्या संपल्या की मोठ्या चॅनलांवर ‘लेट नाइट’ सुरू होतं. सूटबूट घातलेला एक माणूस पडद्याआडून येतो, दिवसभराच्या घडामोडींवर उभ्याउभ्या टोमणे मारतो, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारतो. बाजूला बँड असतो. राष्ट्राध्यक्षांपासून सिनेनटांपर्यंत कोणाचीही खिल्ली उडते. आपल्याकडची तरुण मुलं याच कार्यक्रमांचे तुकडे मोबाइलवर बघत असतात.

आता गंमत पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये सीबीएसवर स्टीफन कोल्बेअर आला. त्याच वेळी एनबीसीवर जिमी फॅलन होता आणि एबीसीवर जिमी किमेल. तिघेही कॅथलिक घरांत वाढलेले. टीबीएसवर कोनन ओब्रायन होता, तोही बोस्टनजवळच्या आयरिश कॅथलिक घरातला, सहा भावंडांपैकी एक. अमेरिकेत कॅथलिक लोक साधारण पाचात एक. पण साडेअकराच्या तिन्ही मोठ्या खुर्च्या त्यांच्याकडे! हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. आणि याच तिघांच्या आजी-आजोबांच्या काळात कॅथलिक माणूस अमेरिकेत अर्धा परकाच समजला जायचा.

तो इतिहास थोडक्यात असा. आयर्लंड, इटली, पोलंडमधून गरीब लोक बोटीनं आले. इथे प्रोटेस्टंटांचं राज्य. हे लोक रोमच्या पोपचं ऐकतात, देशाचं काय ऐकणार, हा संशय कायमचा. १९२८ मध्ये अल स्मिथ हा कॅथलिक गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि दणकून हरला. त्यात त्याच्या धर्माविरुद्धच्या प्रचाराचा मोठा वाटा होता. १९६० मध्ये केनेडींना ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांपुढे उभं राहून सांगावं लागलं, की राज्यकारभारात मी चर्चचे हुकूम घेणार नाही. देशनिष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

पण टीव्हीनं त्यांना आधीच घरात घेतलं होतं. १९५२ मध्ये फुल्टन शीन नावाचे बिशप ड्यूमाँट चॅनलवर दर मंगळवारी बोलायला लागले. समोर एक फळा, अंगावर लांब झगा, बस्स. त्याच वेळेला दुसऱ्या चॅनलवर मिल्टन बर्ल हा त्या काळचा सर्वांत मोठा विनोदवीर होता. तरी लोक बिशपना बघायचे. त्यांना एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले. कोण लेखक? मत्तय, मार्क, लूक आणि योहान. टायमिंग बघा या धर्मगुरूचं!

मग प्रश्न येतो की विनोदाच्या धंद्यात हीच मंडळी का? आयरिश लोकांची गोष्ट सांगायची सवय, मोठी कुटुंबं, शाळेतल्या कडक सिस्टर, अशी कारणं सांगतात. पंगतीत अकरा मुलं असतील तर धाकट्याला कोणाचं लक्ष वेधायचं तर हसवावंच लागतं. मला स्वतःला आणखी एक कारण जास्त पटतं. फॅलन आणि किमेल दोघेही ऑल्टर बॉय होते, म्हणजे मिस्साच्या वेळी वेदीजवळ फादरना मदत करणारी मुलं. फॅलननं तर लहानपणी फादर व्हायचा विचार केला होता. आता त्या मुलाचं काम बघा. अंगात झगा, समोर गर्दी, ठरलेल्या क्षणी घंटा वाजवायची, इकडेतिकडे बघायचं नाही आणि काही झालं तरी हसायचं नाही. ज्याला हसायला बंदी आहे त्याच्याइतकं हसू कोणाला येत नाही. परेड ग्राउंडवर सावधानमध्ये उभा राहिलेला कोणताही जवान हे सांगेल.

आता कोल्बेअरकडे येतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

तो अकरा भावंडांतला सर्वांत धाकटा. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन हे गाव. वडील डॉक्टर. ११ सप्टेंबर १९७४ ला ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान शार्लटजवळ कोसळलं. त्यात वडील गेले आणि पीटर व पॉल हे त्याच्या वयाला सर्वांत जवळचे दोन भाऊ गेले. स्टीफन दहा वर्षांचा होता. मोठी भावंडं घराबाहेर पडलेली. मोठ्या घरात आई आणि हा, दोघंच उरली. आई श्रद्धाळू होती. तिच्याकडं बघत आपण शिकलो, असं तो सांगतो. दुःख होतं, पण तिच्यात कडवटपणा नव्हता.

कॉलेजात त्याची श्रद्धा गेली. तो स्वतःला नास्तिक म्हणवू लागला. पुढे शिकागोत, कडाक्याच्या थंडीत, रस्त्यावर कोणीतरी त्याच्या हातात खिशात मावणारा ‘नवा करार’ ठेवला. त्यानं तो तिथंच उघडला. चिंता करून कोणाचं आयुष्य वाढतं का, असं विचारणारं डोंगरावरचं प्रवचन समोर आलं. तिथून तो परत वळला. पुढे प्रसिद्ध झाल्यावरही तो आपल्या चर्चमध्ये मुलांना रविवारचं धर्मशिक्षण देत असे.

२००५ ते २०१४ कॉमेडी सेंट्रलवर त्यानं जे केलं ते तर अजबच. स्वतःच्याच नावाचं एक घमेंडखोर, सगळं कळतं असं समजणारं पात्र तो रोज रात्री वठवायचा. जेम्स मार्टिन हे जेझुइट फादर त्या कार्यक्रमाचे ‘चॅप्लेन’ म्हणून यायचे.

त्या काळातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. २४ सप्टेंबर २०१० ला तो अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे साक्षीला गेला. विषय होता शेतमजुरांचा. आपल्याकडचे ऊसतोड कामगार जसे मुक्काम हलवत फिरतात, तसे मेक्सिकोकडून आलेले हे लोक पिकांमागं फिरतात. कोल्बेअर एक दिवस त्यांच्याबरोबर शेतात राबून आला होता. साक्ष त्यानं पात्राच्या सोंगातच दिली. काही खासदार हसले, काही चिडले. मग एका महिला खासदारानं विचारलं, बोलायला इतके विषय असताना हाच का? आणि तिथं सोंग गळून पडलं. तो डोकं खाजवत, अडखळत म्हणाला, की ज्यांच्या हातात काहीच ताकद नाही त्यांच्याविषयी बोलायला मला आवडतं. आपणच या लोकांना कामाला बोलावतो आणि आपणच त्यांना निघून जा म्हणतो. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या शिकवणीची त्यानं आठवण दिली, की या लहानातल्या लहान भावासाठी तुम्ही जे करता ते माझ्यासाठीच करता. व्हिडिओ शोधून जरूर बघा. विनोदाखाली काय होतं, ते त्या एक-दोन मिनिटांत दिसतं.

सगळेच असे परतले नाहीत. जॉर्ज कार्लिन न्यूयॉर्कच्या कॅथलिक शाळेत शिकला आणि आयुष्यभर चर्चवर तुटून पडला. बिल माहर कॅथलिक म्हणून वाढला आणि त्यानं २००८ मध्ये धर्माची टर उडवणारा ‘रिलिजुलस’ हा चित्रपट काढला. आणि २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’नं धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी ते कसे दडपले, हे उघड केलं, तेव्हा श्रद्धावंतांचीही मान खाली गेली. त्या विषयावरचा विनोद बोचरा असतो, आणि असायलाच हवा. माझं स्पष्ट मत असं, की युनिटमध्ये चूक झाली तर ती आतल्या माणसानं बोलली पाहिजे. गप्प बसणाऱ्याची निष्ठा मला खरी वाटत नाही.

किमेलचंही सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एका राजकीय हत्येनंतर त्यानं केलेल्या टिप्पणीवरून वाद पेटला आणि चॅनलनं त्याचा कार्यक्रम काही दिवस थांबवला. परत आल्यावर तो बोलला, आणि ज्याची हत्या झाली त्याच्या पत्नीनं मारेकऱ्याला क्षमा केली हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. येशूच्या शिकवणीवर विश्वास असेल तर ती अशी असते, असा त्याचा सूर होता. त्याची मूळ टिप्पणी कोणाला पटो न पटो, त्या क्षणी लहानपणचा तो ऑल्टर बॉय बोलत होता.

१४ जून २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावलं. कोल्बेअर, फॅलन, कोनन, ख्रिस रॉक, व्हूपी गोल्डबर्ग सगळे तिथे. पोप म्हणाले, देवाला हसता येतं का? येतं. आपल्या लाडक्या माणसांची आपण थट्टा करतोच की. मात्र श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरिबांच्या, भावना दुखावू नका.

आता हे ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो आणि मावशी त्याला काय काय सुनावते! समोरचे शेतकरी पोट धरून हसतात, आणि तेच लोक आषाढीला पंढरपूरला चालत जातात. तुकोबा तर विठ्ठलाशी उघड उघड भांडले. फौजेतही मी हेच पाहिलं. आमच्याकडे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे सगळे ‘रिलिजस टीचर’ म्हणून नेमलेले असतात, आणि ऑफिसर आपल्या जवानांच्या धर्मस्थळात त्यांच्याबरोबर जातो, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. जवान आपल्या देवाची थट्टा आपसांत बिनधास्त करतात. बाहेरच्यानं तोच विनोद केला की वातावरण बदलतं. आतला कोण, बाहेरचा कोण, हे कसं ठरवायचं? कार्लिन आतला की बाहेरचा? मला वाटतं, तो शेवटपर्यंत आतलाच होता. इतकं चिडायला आधी इतकं जवळ असावं लागतं. काही कॅथलिक मित्रांना हे मुळीच मान्य नाही.

त्या दिवशी पोप आणखी एक सांगून गेले. विनोदबुद्धी दे, अशी एक प्रार्थना ते चाळीसहून अधिक वर्षं रोज म्हणत होते. ती सेंट टॉमस मोरच्या नावानं चालते आणि तिची सुरुवातच चांगली पचनशक्ती मागण्यानं होते. हा मोर इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा चॅन्सलर. राजाला चर्चचा प्रमुख मानायला त्यानं नकार दिला, म्हणून १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाच्या पायऱ्या डळमळत होत्या. सोबतच्या अधिकाऱ्याला तो म्हणाला असं सांगतात, की मला वर चढायला तेवढा हात द्या, खाली उतरायचं माझं मी बघेन.