घट्ट हाड आणि बळकट हाड

हाडातील खनिज वाढले म्हणजे हाड बळकट झाले, असे आपण सहज धरून चालतो. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या २०२ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यापैकी एका गटाला चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले गेले. कंबरेच्या मणक्यांतील खनिजाची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणके मोडण्याचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. उलट इतर हाडे जास्त मोडली!

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील शिक्षकांना फ्लोराइडची ओळख करून द्यायला नको. कूपनलिकेच्या पाण्यातून ते वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग पडतात. क्ष-किरण चित्रात हाडे अधिक पांढरी, अधिक घट्ट दिसतात आणि माणूस मात्र कमरेत ताठरतो.

भिंतीला किती विटा लागल्या हे मोजून ती किती भार पेलेल हे सांगता येत नाही. विटा कशा रचल्या, दर्जा कसा, हेही पाहावे लागते. हाडाचे तसेच आहे. म्हणून हाडावर संशोधन करणाऱ्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. हाडाची आतली रचना पाहायची आणि मग ते मोडून पाहायचे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण हाड एकदाच मोडते.

रचना पाहण्यासाठी सूक्ष्म सीटी हे यंत्र वापरतात. रुग्णालयातील सीटीमध्ये क्ष-किरणांचा स्रोत रुग्णाभोवती फिरतो. येथे बहुधा छोटासा नमुनाच स्वतःभोवती फिरवला जातो. शेकडो कोनांतून पडलेल्या सावल्या एकत्र करून संगणक त्रिमित चित्र उभे करतो. उंदराच्या हाडातील जाळीची एकेक काडी साधारण ५० मायक्रोमीटर जाडीची असते. रुग्णालयातल्या यंत्राला ती दिसणारच नाही. सूक्ष्म सीटी १० मायक्रोमीटर व त्याहूनही लहान तपशील टिपू शकते.

मोडण्याचे यंत्र त्या मानाने साधे. उंदराच्या मांडीचे हाड, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, दोन आधारांवर आडवे ठेवायचे आणि मधोमध हळूहळू दाबायचे. बल किती व हाड वाकले किती, याचा आलेख निघतो. आलेखाचा सुरुवातीचा चढ म्हणजे हाडाचा ताठपणा, सर्वांत उंच बिंदू म्हणजे त्याने पेललेले कमाल बल आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे मोडेपर्यंत शोषलेली ऊर्जा. ठिसूळ हाड ताठ असू शकते, पण त्याचे हे क्षेत्रफळ लहान असते.

येथे पहिल्या यंत्राची पुन्हा गरज लागते. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. काटछेदाचा आकार तोच ठेवून व्यास १० टक्के वाढवला, तर ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. म्हणजे औषधाने हाडाचा पदार्थ सुधारला की हाड नुसतेच जाड झाले, हे काटछेद मोजल्याशिवाय कळत नाही.

ही यंत्रे महाग, सूक्ष्म सीटीची किंमत तर कोटींच्या घरात. आणि एका प्रयोगशाळेला ती वर्षातून थोडेच दिवस लागतात. म्हणून सामायिक सुविधांची कल्पना निघाली. फिलाडेल्फियातील पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या स्नायू-अस्थी केंद्रात सूक्ष्म सीटी, यांत्रिक चाचणी आणि ऊतींचे सूक्ष्मदर्शी परीक्षण असे तीन सामायिक विभाग आहेत. आपल्याकडे १९७० च्या दशकात केंद्र सरकारने प्रादेशिक उपकरण केंद्रे सुरू केली. त्यांपैकी एक पवईच्या आयआयटीत आहे. देशातील अशी उपकरणे शोधून वेळ राखून ठेवता यावी म्हणून २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले.

पण पैशाची बचत हा माझ्या मते यातला लहान फायदा. सीटीच्या चित्रात किती करड्या छटेपासून पुढे ‘हाड’ म्हणायचे, हे माणसाने ठरवायचे असते. ती रेषा जराशी खाली आणली की तेच हाड जाड भरते! दोन प्रयोगशाळांनी दोन रेषा धरल्या तर निष्कर्षांची तुलना कशी करणार? सामायिक केंद्रात ज्ञात घनतेचा खनिज-नमुना नेमाने तपासून यंत्राचे प्रमाणीकरण होते आणि सर्वांची हाडे एकाच रीतीने मोजली जातात. जाणता तंत्रज्ञ हे त्या केंद्राचे खरे भांडवल. आपण यंत्रासाठी निधी मिळवतो आणि त्या माणसाला मात्र सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर ठेवतो, याची मला खंत वाटते.

त्या जाणतेपणाची किंमत मी एकदा मोजली आहे. हाडांचे नमुने खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळायचे असतात. घाईत मी काही तसेच बशीत ठेवले व जेवायला गेलो. परतल्यावर ते यंत्रात घातले, तर खडूसारखे कटकन तुटले. हाड वाळले की ताठ होते आणि ठिसूळही. तीन महिने वाढवलेल्या उंदरांचे आकडे टाकून द्यावे लागले.

ही चाचणी वर्गात करून पाहण्याजोगी आहे. खराट्याचे सारख्या जाडीचे हीर घ्या, काही रात्रभर भिजवा, काही उन्हात वाळवा. दोन विटांवर हीर आडवा ठेवून मध्ये दोऱ्याने डबी टांगा आणि तीत एकेक नाणे टाकत जा. प्रत्येक नाण्यानंतर मधला भाग किती खाली आला हे पट्टीने मोजून आलेख काढा. ओल्या हिराचा आलेख आणि वाळक्या हिराचा आलेख एकाच कागदावर काढायला सांगा, आणि दोन्हींखालचे चौकोन विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या.