प्रयोगवही भरली, प्रयोग राहिले

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. खडू-फळा मोबाइलच्या पडद्यावर आला, प्रयोगशाळा मात्र कुलुपातच राहिली. विज्ञानाचे नुकसान इतर विषयांहून वेगळे ठरले ते इथे.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा साधा प्रयोग घ्या. खिडकीसमोर भिंग धरायचे आणि मागे पांढरा कागद पुढेमागे सरकवायचा. बराच वेळ नुसता अंधुक उजेड दिसतो. मग एकाएकी बाहेरचे झाड उलटे, चिमुकले होऊन कागदावर उतरते. तीनदा मोजले तर तीन उत्तरे येतात, काही मिलिमीटरांनी वेगळी. सरासरी कशासाठी काढायची, हे त्या फरकातूनच उमगते. पडद्यावरच्या आभासी प्रयोगशाळेत हात हलत नाही, म्हणून बहुधा चूकही होत नाही. अणू-रेणूंसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम. हाताला वळण लावणे तिच्या आवाक्याबाहेरचे.

स्वयंपाकघराने थोडी भरपाई केली. हळदीच्या पाण्यात साबण पडला की ते लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळदीपासून कुंकू होते ते चुन्याच्या अशाच करामतीने. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी लागणाऱ्या ‘टिलीमिली’नेही घरच्या घरी करता येतील अशा कृतींवर भर दिला. पण सूक्ष्मदर्शक काही फडताळात सापडत नाही.

२०२०-२१ साठी राज्याने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर ९९.९५ टक्के निकाल लागला. विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण एरवी प्रात्यक्षिकाचे. ज्या वर्षी प्रयोगवह्या फोटो पाहून उतरवल्या गेल्या, त्या वर्षी हे गुण नेमके कशाचे, हा प्रश्न निकालाच्या आकड्यात बुडाला.

काही कात्री तात्पुरती म्हणून लागली आणि कायमची झाली. एनसीईआरटीने करोनाकाळातला भार हलका करण्याचे कारण देत दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती आणि मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण वगळले. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आदींनी उत्क्रांती परत आणा, असे खुले पत्र काढले. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात मात्र हे दोन्ही विषय टिकून राहिले; दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे.