जुनी जीप आणि पाणंदीची वाट

पावसाळ्यांत ज्याच्या शेताची वाट बंद होत नाहीं असा शेतकरी आपल्याकडे विरळा. डांबरी सडक गांवच्या वेशीपर्यंत आली. परंतु वेशीपासून बांधापर्यंतची पाणंद आषाढांत अद्यापि बहुतेक ठिकाणीं गुडघाभर चिखलाचीच असते. अशा वाटेनें खत, बियाणें, दुधाच्या किटल्या आणि प्रसंगीं आजारी माणूस नेण्यास चारही चाकांच्या जोराचें एखादें वाहन जवळ असावें असें पुष्कळांस वाटतें. नव्या वाहनाची किंमत ऐकून मन मागें येतें व दृष्टि जुन्या जीपकडे वळते. जीप घरीं आली कीं लागलीच दुसरा मोह उत्पन्न होतो. ती उंच करावी, तिला मोठीं चाकें चढवावीं, पुढें जाडजूड लोखंड बसवावें! या मोहांतून प्रस्तुत लेखक स्वतः गेला आहे. ती हकीकत व तींतून निघणारा बोध शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल या समजुतीनें पुढील चार शब्द लिहिले आहेत.

जीपचें मूळ व तिचें बळ

जीप ही मूळची लष्करी गाडी. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें चारही चाकांस गति देणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली. पहिला नमुना बँटम कंपनीनें तयार केला, व पुढें विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कारखान्यांनीं महायुद्धाच्या काळांत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. परंतु १९४५ सालीं विलीज कंपनीनें जी मुलकी जीप बाजारांत आणली ती मुख्यत्वें शेतकऱ्यास उद्देशून होती. ती नांगर ओढील, आपल्या इंजिनाच्या जोरावर दुसरीं यंत्रें फिरवील व बाजारासही नेईल, अशी तिची जाहिरात असे. १९४८ सालीं निघालेल्या लँड रोव्हरची कल्पनाही रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांस वेल्समधील अँगलसी येथील आपल्या शेतावर एक जुनी लष्करी जीप वापरतांनाच सुचली. आपल्या देशांत स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी करण्यास आरंभ केला. पुढें तीच बनावट देशांत होऊं लागली. आज जुन्या बाजारांत ज्या जीपा मिळतात त्यांपैकीं कांहींत प्यूजो बनावटीचें डिझेल इंजिन असतें, तर कांहींत इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलें असतें. यामुळें खेड्यांतील ट्रॅक्टरचा मिस्त्रीही तिला हात घालूं शकतो, हा मोठाच लाभ होय.

जीपचें बळ इंजिनांत नसून गिअरांत आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. विलीजच्या सी.जे.-३बी या जीपचें इंजिन सव्वादोन लिटरांच्या आंतलें. परंतु पहिला गिअर २.८ पट, कमी गतीचा जोडगिअर २.४६ पट व आंसामधील गिअर ५.३८ पट, असा तिहींचा गुणाकार केला तर सुमारें ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे व्हावे तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. या मंद व जोरकस चालीसाठींच ही गाडी बांधली आहे. जो फेरफार ही चाल बिघडवितो तो वरून कितीही डौलदार दिसला तरी नुकसानीचाच समजावा.

माझी चूक

माझें शेत गांवापासून साडेतीन किलोमीटरांवर, ओढ्यापलीकडे आहे. कांहीं वर्षांपूर्वीं सरकारी लिलांवांतून निघालेली एक जुनी जीप मीं घेतली. पहिला पावसाळा तिनें मूळच्या अरुंद टायरांवर बिनतक्रार काढला. त्यांत समाधान मानावयाचें सोडून मीं तालुक्याच्या गांवीं एका गॅरेजवाल्याचा सल्ला घेतला. आंसाखालचे स्प्रिंगांचे पाटे काढून ते आंसावर बसविले, त्यामुळें गाडी पांच इंच उंच झाली. २८ इंची चाकांच्या जागीं ३१ इंची रुंद चाकें आलीं. जीप गांवांतून निघाली कीं पोरें मागें धांवूं लागलीं. ब्रेकवर मात्र मीं एक पैही खर्च केली नव्हती.

पुढच्या आषाढांत एके रात्रीं आमच्या वाटेकऱ्याच्या मुलास वस्तीवर घोणस चावली. निरोप येतांच मी जीप घेऊन गेलों, मुलास व त्याच्या आईबापांस बसविलें आणि परत फिरलों. ओढ्यांत मागचें एक चाक दोन दगडांच्या बेचक्यांत धरलें गेलें. घाईंत मी मागें-पुढें झटके देऊन गाडी काढूं लागलों. तिसऱ्या झटक्यास खालून काडकन आवाज आला. मागच्या आंसांतील शाफ्ट तुटला होता. उरला तो पुढच्या चाकांचा जोर, आणि ओढ्याचा ओला चढ त्यांना चढेना. अखेर वस्तीवरून बाज आणविली, तीवर मुलास निजवून चौघांनीं खांद्यावरून गांवांत आणलें व तेथून दुसऱ्या गाडीनें रुग्णालय गांठलें. प्रतिविष मिळालें, मुलगा वांचला; परंतु पायाची जखम भरून येण्यास तीन महिने लागले. "तासभर आधीं आणतां तर बरें होतें," एवढेंच डॉक्टर म्हणाले.

शाफ्ट जुना होता हें खरें. परंतु मूळच्या चाकांवर जो इतकीं वर्षें टिकला तो मोठ्या चाकांवर एक वर्षही टिकला नाहीं. त्याचें कारण साधें आहे. पहार जितकी लांब तितका तिचा जोर अधिक, हें आपण दगड उलथतांना पाहतों. चाकाची त्रिज्या हीही एक पहारच. अडकलेलें चाक तिच्या योगानें शाफ्टला पीळ देतें. पहार लांब केली, शाफ्ट मात्र तेवढाच ठेवला. शिवाय २८ चे ३१ इंच केल्यानें गिअरांची ३७ पट शक्ति सुमारें ३३ पटीवर आली, ती वेगळीच. जोर कमी पडला म्हणून मीं झटके दिले, आणि झटक्यांनीं शाफ्ट तुटला.

उंचीचाही हिशेब असाच आहे. जुन्या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारें साडेअठ्ठेचाळीस इंच. समजा, गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे. तर उभी गाडी सुमारें ४३ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तोच मध्य चार इंच वर नेला कीं ती ३९ अंशांवरच कलंडते. चालत्या गाडीस, वर माणसें व पोतीं असतांना, याहून पुष्कळच कमी उतार पुरतो. बांधावरून तिरपी उतरणारी उंच जीप म्हणजे उशीखालचा विंचूच. उंच केल्यानें प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात. सुकाणूचा दांडा तिरपा होऊन खड्ड्यांत गाडी आपोआप एका बाजूस ओढते. ब्रेकच्या नळ्यांनाही ताण बसतो. एक भाग हलविला कीं चार भाग त्याची भरपाई मागतात.

खरेदी करतांना

चेसिसवरील व इंजिनवरील नंबर आर.सी. पुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावे. न जुळल्यास गाडी फुकट मिळाली तरी घेऊं नये. स्प्रिंगांचे कान व सुकाणूची पेटी जेथें चेसिसला जोडली आहे तेथें तडा वा नवें वेल्डिंग आहे काय तें पाहावें. पुढचें चाक जॅकवर उचलून वरखालीं हलवावें. खडखड केलें तर किंग पिनचें काम निघालें असें समजावें. कमी गतीचा गिअर टाकून चढावर चालवावी व मध्येंच पाय काढावा. गिअर उसळून बाहेर आला तर जोडगिअर झिजला आहे. आंसांतील तेल दुधासारखें पांढरट असेल तर आंत पाणी शिरलें आहे हें निश्चित.

कोणते फेरफार करावे

पहिला खर्च ब्रेक व सुकाणू यांवर. जुन्या जीपचे ड्रम ब्रेक ओढ्यांतून निघाल्यावर कांहीं वेळ धरीत नाहींत. हलका पाय ठेवून थोडें अंतर चालविल्यानें ते वाळतात.

दुसरा खर्च टायरांवर. माप मूळचेंच ठेवावें, मात्र नक्षी खोल व मोकळी घ्यावी. काळ्या रानाची चिकण माती दाट नक्षींत भरून टायर गुळगुळीत होतो. मोकळ्या नक्षींतून ती उडून जाते. वर थोडा चिखल व खालीं मुरूम अशा वाटेवर अरुंद टायर चिखल कापून तळास लागतो, म्हणून तोच चांगला. मऊ जमिनीवर हवा २८-३० पौंडांवरून १८ च्या सुमारास आणल्यास टायर पसरून पकड वाढते. परंतु सडकेवर येतांच ती पुन्हां भरली पाहिजे. याकरितां हवेचा लहान पंप व दाबमापक गाडींत ठेवावा. या दोन जिनसांनीं जें काम होतें तें हजारों रुपयांच्या लोखंडानें होत नाहीं.

तिसरा फेरफार आंसाच्या श्वासनळीचा. चालून तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत एकदम निवतो, आंतील हवा आकसते व सीलांवाटे पाणी ओढलें जातें. आंसावरील श्वासछिद्रास रबरी नळी जोडून तिचें टोंक बॉनेटखालीं उंच नेऊन बांधावें.

चौथा म्हणजे पुढेंमागें चेसिसला बळकट बोल्टांनीं बसविलेले ओढण्याचे आंकडे. बंपरला दोर कधींही बांधूं नये. ओढतांना दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो. तारेचा दोर तर जीव घेतो. माणसांनीं दोराच्या लांबीहून अधिक दूर उभें राहावें.

चालविण्याच्या कांहीं गोष्टी

चारही चाकांचा गिअर कोरड्या सडकेवर टाकूं नये. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून लांब वाटेनें जातात, व मधला फरक सोसण्याची सोय या गाड्यांत नसल्यामुळें सगळा पीळ गिअरांवर बसतो. चिखलांत शिरण्यापूर्वींच तो टाकावा, रुतल्यावर नव्हे. पुढच्या हबांना कुलूप असेल तर तें घरूनच लावून निघावें.

एक चाक चिखलांत गरगरा फिरतें व जोडीचें स्वस्थ उभें राहतें, हा डिफरन्शिअलचा स्वभाव आहे. अशा वेळीं हातब्रेक थोडा ओढावा असा सल्ला कोणी देतात. पुष्कळ जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तेथें हा उपाय चालत नाहीं. चाक फिरविणें थांबवून त्याखालीं तुराट्या वा पऱ्हाट्या घालाव्या, हवा कमी करावी व सावकाश निघावें. चाक दगडांत अडकलें असेल तर खालीं उतरून दगड काढावा. त्या रात्रीं मीं हेंच केलें असतें तर पांच मिनिटांत निघालों असतों.

ओढा आधीं पायीं चालून पाहावा. इंजिनाच्या हवेच्या तोंडांत पाणी गेलें तर पाणी दबत नसल्यामुळें कनेक्टिंग रॉड वांकतो व इंजिन मोडतें. पाणी वाहतें व गढूळ असेल तर थांबावें, यांत कमीपणा नाहीं.

कायदा व जमीन

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींत लिहिलेल्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा बदल मालकास करतां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच अर्थाचा निर्णय दिला आहे. इंजिन बदलावयाचें झाल्यास आर.टी.ओ.ची परवानगी आधीं घ्यावी. पुढच्या बाजूचे लोखंडी बुल बार काढविण्याविषयीं केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस लिहिलें आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढते. फेरफार केलेली गाडी या तपासणींत अडते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हातीं नकाराचें कारण मिळतें.

शेवटीं एक गोष्ट शेतकरी म्हणून सांगावीशी वाटते. गाडी जाऊं शकते म्हणून ओल्या रानांत नेऊं नये. जमिनीस वाफसा नसतांना चाक फिरलें कीं खालचा थर दाबला जातो, व पाणंदींत पडलेली चाकोरी पुढच्या सरीस ओघळ होते. गाडी पाणंदीच्या कडेस उभी करून बांधापर्यंत चालत जाणारा शेतकरीच जीपचा खरा धनी.

मीं पाटे पुन्हां आंसाखालीं नेले, मूळच्या मापाचे टायर बसविले, ब्रेक नवे केले व आंसांना नळ्या जोडल्या. या सर्वांस मोठ्या चाकांच्या निम्म्यानेंही खर्च आला नाहीं. आतां पोरें जीपमागें धांवत नाहींत. परंतु गेल्या श्रावणांत वाटेकऱ्याच्या सुनेस अवघडलेल्या अवस्थेंत रात्रीं दवाखान्यांत न्यावयाचें होतें, तेव्हां गाडी ओढ्यांतून न थांबतां बाहेर पडली.